शब्बाथाचा विसावा भाकरीसकट असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्रांतीबद्दल हल्ली पुष्कळ लिहून येते. झोप किती तास हवी, मोबाइल कधी बाजूला ठेवावा, सुट्टीच्या दिवशी कामाचे फोन का घेऊ नयेत, हे सारे उपयोगाचेच आहे. या लिखाणात अधूनमधून ख्रिस्ती शब्बाथाचा, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचा, उल्लेख येतो. तो बहुधा ‘आठवडाभर दमल्यावर स्वतःसाठी काढायचा एक दिवस’ अशा अर्थाने येतो. धर्मशिक्षणाचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांची या अर्थाला हरकत आहे. शब्बाथ दमणुकीवरचा उपाय म्हणून आलेला नाही, आणि एकट्याने उपभोगायचा तर तो मुळीच नाही.

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण होतो. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा आहे. त्याने अजून काही केलेले नाही, काही मिळवलेले नाही, आणि तरीही तो दिवस त्याला मिळाला आहे. देव दमला म्हणून थांबला, असे तिथे लिहिलेले नाही. काम पुरे झाले आणि ते फार चांगले होते, म्हणून तो थांबला. पवित्र शास्त्रात सर्वांत आधी पवित्र ठरवला गेला तो हा दिवस; डोंगर, वेदी, मंदिर हे सगळे नंतरचे. आधीच्या सहाही दिवसांच्या शेवटी ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ असे वाक्य येते. सातव्या दिवसाच्या शेवटी ते येत नाही. देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिलेला आहे, असे इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय सांगतो, ते याच सातव्या दिवसाचा आधार घेऊन.

दहा आज्ञा मिळण्याआधीच इस्राएल लोकांना शब्बाथाचा धडा मिळाला होता, आणि तो जेवणाच्या ताटात मिळाला होता. निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्यावर, रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, पडतो. माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे साधारण दोन लिटर. जास्त गोळा करून कोणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर मिळत. भाजायचे ते आजच भाजा, शिजवायचे ते आजच शिजवा, असे त्यांचा पुढारी मोशे याने सांगितले. त्या रात्री ठेवलेला मान्ना नासला नाही. सातव्या दिवशी मान्ना पडलाच नाही. काही जण तरीही तो गोळा करायला बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी परतले.

या अध्यायात एक हिशेब आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. सातव्या दिवसाची भाकर सहाव्या दिवशीच हातात पडली होती. देवाने लोकांना ‘थांबा’ म्हणण्याआधी त्यांच्या पोटाची सोय केली. ज्या विसाव्यामुळे कोणाच्या घरची चूल बंद पडते, त्याला शास्त्रातला शब्बाथ म्हणता येत नाही, असे आमचे ठाम मत आहे. पुढे जे लिहिले आहे ते या एका मताचाच विस्तार आहे.

शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे दिलेले आहे. (कॅथलिक आणि लुथरन मंडळी हिला तिसरी आज्ञा म्हणतात, इतर बहुतेक प्रोटेस्टंट चौथी. मजकूर तोच, मोजणी वेगळी.) निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवसांत सारे केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण मिसरातल्या गुलामीचे आहे: तू दास होतास, देवाने तुला बाहेर काढले, ते विसरू नकोस. कोणी कोणी थांबायचे याची यादीही आज्ञेतच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, इतर गुरे, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवाद इथे आणखी एक वाक्य जोडतो, की तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. त्या काळात धन्याला विश्रांती मिळणे ही काही नवी गोष्ट नव्हती. दासीलाही त्याच दिवशी, तेवढीच विश्रांती मिळावी आणि ती देवाच्या आज्ञेने मिळावी, हे मात्र नवे होते.

संदेष्ट्यांनी शब्बाथावरून जे कोरडे ओढले तेही या अंगाने वाचावेत. आमोसाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ बाहेरून पाळतात, दुकान बंदच ठेवतात. पण मनात विचार एकच, शब्बाथ कधी संपतो आणि आपण एफा (धान्याचे माप) लहान करून, शेकेल (तोलायचे वजन) जड करून, खोट्या तराजूने गहू कधी विकतो. दिवस पाळला, पण गरिबाची मान सोडली नाही. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपासाबद्दल तेच बजावतो, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी शब्बाथाला ‘आनंद’ म्हणायला सांगतो. आनंद आणि न्याय तिथे एकाच दमात आलेले आहेत.

प्रभू येशूने शब्बाथ मोडला, असे काही ख्रिस्ती लोकही म्हणतात. शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी पुस्तके, नीट वाचली तर दिसते ते निराळेच. अठरा वर्षे कुबड आलेल्या बाईला तो सभास्थानात बरे करतो आणि सभास्थानाचा अधिकारी रागावतो. येशूचे उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात आहे: तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेतो ना? मग अब्राहामाच्या या लेकीला तिच्या बंधनातून आजच सोडवायला नको काय? बैल, गाढव आणि सुटका, हे तिन्ही जुन्या आज्ञेतच होते. आज्ञा कशासाठी दिली होती, ते येशू तिथे करून दाखवतो. ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही’ हे मार्कमधले वाक्य अनेकदा आज्ञा सैल करण्यासाठी वापरले जाते. पण ‘मनुष्यासाठी’ म्हणजे फक्त माझ्यासाठी नाही. त्यात ती दासीही आली.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ ही येशूची हाक आहे, आणि बाराव्याची सुरुवातच शब्बाथाच्या वादाने होते. उपासनेत हाक आणि वाद बहुधा वेगवेगळ्या दिवशी वाचले जातात. दोन्ही सलग वाचून पाहावेत. विसावा देणारा कोण, हे आधी सांगितलेले आहे. दिवसाचे नियम कसे लावायचे, हे त्यानंतर. ख्रिस्ती शिकवणीचा गाभा इथे आहे. तारण, म्हणजे पापातून सुटका, आपल्या कामाने मिळत नाही, ते कृपेने मिळते. जो आठवड्यातून एक दिवसही हात थांबवू शकत नाही, त्याला ही शिकवण तोंडपाठ असते, पण अंगी लागलेली नसते. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका शिकवणीच्या पुस्तिकेत, या आज्ञेचा अर्थ विचारला आहे. उत्तरात उपासना आणि गरिबांसाठी दान यांच्याबरोबर असेही येते की आयुष्यातल्या सगळ्याच दिवशी मी माझ्या दुष्ट कर्मांपासून विसावावे आणि प्रभूला त्याच्या आत्म्याने माझ्यात काम करू द्यावे.

सातवा दिवस म्हणजे शनिवार; मग शनिवारचा रविवार कसा झाला, हा प्रश्न नेहमी येतो. पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून ख्रिस्ती लोक त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमू लागले. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथे तसे जमल्याची नोंद आहे. पण हे मुळात जमण्याचे दिवस होते, सुट्टीचे नव्हते. रोमी साम्राज्यात रविवार कामाचाच दिवस होता आणि मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) दास पुष्कळ होते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया या रोमी प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या धर्मपंडिताने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि शेवटी वर्गणी. ती वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी असे. शब्बाथाच्या आज्ञेतला ‘वेशीच्या आतला परका’ इथे रविवारच्या सभेत पुन्हा भेटतो. इ. स. ३०४ मध्ये आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या ४९ ख्रिस्ती लोकांना बेकायदा सभेसाठी पकडले. प्रभूच्या दिवसाच्या सभेशिवाय आम्हाला जगता येत नाही, असे त्यांनी सांगितले आणि मरण पत्करले. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने न्यायाधीश, शहरवासी आणि कारागिरांसाठी रविवार सुट्टीचा केला. शेतकऱ्यांना त्याने वगळले, कारण पेरणीचा वेळ टळू नये. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात नेमके उलटे आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही थांब. हंगामात थांबणे सर्वांत महाग पडते, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

सातवा दिवस शनिवारच, असे मानणारे ख्रिस्तीही आहेत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळते, आणि तयारीच्या बाबतीत त्यांच्याकडून इतरांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत शनिवार आणि रविवार दोन्हींचा मान आहे. या वादात आम्ही इथे शिरत नाही.

विसावा सर्वांनी एकाच वेळी घ्यायचा असतो, हे इतिहासाने एकदा उलट्या बाजूने दाखवून दिले. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये सात दिवसांचा आठवडा मोडला. कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला पाच दिवसांतून एक, पण वेगवेगळा दिवस सुट्टी दिली. कारखाने अखंड चालावेत, हा त्यामागचा हेतू होता. सुट्ट्यांची संख्या वाढली, पण नवऱ्याला सुट्टी तेव्हा बायको कामावर आणि मुले शाळेत. १९३१ मध्ये ही पद्धत बदलावी लागली आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आला.

आता प्रत्यक्ष पाळण्याबद्दल. दिवसाची सुरुवात संध्याकाळी करावी, असा आमचा आग्रह आहे. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात विसाव्याचा दिवस ‘संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत’ मोजलेला आहे, आणि कॅथलिक परंपरेतही रविवारची उपासना शनिवारच्या सायंप्रार्थनेपासून सुरू होते. याचा फायदा सरळ आहे. विसाव्याचे पहिले सात-आठ तास झोपेत जातात, आणि तेवढा वेळ आपल्यावाचून जग चालते, हे आपोआप मान्य होते. सकाळी सुरू केलेला दिवस मात्र शनिवारी मध्यरात्रीपर्यंत काम ताणायला मोकळीक देतो. अशा माणसाचा रविवार मग जांभया देण्यात जातो.

तयारी दोन दिवस आधीपासून लागते. बाजारहाट, बिले, इस्त्री आणि मुलांचा गृहपाठ शनिवारी दुपारपर्यंत उरकावा. स्वयंपाक असा करावा की रविवारी फक्त गरम करायचे राहील. अर्धवट राहिलेली कामे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे सोमवारी नेमके पहिले काय करायचे तेही लिहावे. नुसती यादी केली तर डोके ती रविवारभर उगाळत राहते; पुढची पायरी ठरलेली असली की सोडून देते. फोनचा एकच नंबर तातडीसाठी चालू ठेवावा आणि तो कोणाकडे आहे ते संबंधितांना आधी सांगावे.

सर्वांत मोठी चूक याच तयारीत होते. शनिवारी तीन-चार तासांचे जादा काम पडते आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या अंगावर पडते. रविवारी सगळे जेवून आडवे होतात आणि भांडी तिचीच वाट पाहत असतात. अशा घरात चार जणांनी शब्बाथ पाळला आणि पाचवी त्यासाठी राबली. आज्ञेच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे. कोणी तरी मागे राहून सगळ्यांची सोय बघावी, अशी जागा त्या यादीत नाही. शनिवारची कामे नावे घालून वाटावीत. रविवारची भांडी, एरवी जो घासत नाही त्याने घासावीत, आणि जेवण एका भांड्यात मावेल इतके साधे ठेवावे. पाहुण्यांसाठी पंचपक्वान्ने करायची असतील तर दुसरा दिवस निवडावा.

काय करावे आणि काय टाळावे, याची लांबलचक यादी करू नये. मिश्ना या यहुदी नियमग्रंथात शब्बाथ दिवशी वर्ज्य कामांचे ३९ प्रकार मोजलेले आहेत आणि त्यामागे यहुदी परंपरेचा खोल विचार आहे. पण ख्रिस्ती घरात याद्या आल्या की शेजाऱ्याचा रविवार तपासणेही सुरू होते. १७ व्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे प्रोटेस्टंट मतांच्या एका जाहीरनाम्यात, उपासनेखेरीज दोन प्रकारच्या कामांना मोकळीक आहे: गरजेची आणि दयेची. रुग्णाची शुश्रूषा, जनावरांचा चारापाणी, आग विझवणे, अडलेल्याला पोहोचवणे, एकट्या माणसाला भेटणे, ही सगळी त्यात बसतात. घोळ होतो तो सोयीला गरज म्हटल्याने. एक प्रश्न विचारला की बहुतेक घोळ मिटतो: माझ्या या सोयीसाठी आज कोणाला धावावे लागणार आहे? घरपोच मागवलेले जेवण मला विसावा देते आणि आणणाऱ्याचा काढून घेते. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा हेच शिकवते, की इतरांना प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या त्यांच्याकडे करू नयेत.

सुरुवातीचे काही रविवार जड जातात, हे आधीच माहीत असलेले बरे. दुपारी चैन पडत नाही, हात फोनकडे जातो, चिडचिड होते, कधी आठवडाभर दाबून ठेवलेले दुःख वर येते. हे काही तरी चुकल्याचे लक्षण नाही. आपले मोल आपल्या कामावर ठरते अशी मनाची सवय असते, आणि काम थांबले की ती उघडी पडते. ती पोकळी मालिका बघून किंवा मंडळीच्या बैठका लावून भरू नये. एक उपासना पुरे. सकाळी मिस्सा किंवा भक्ती, दुपारी कमिटी, संध्याकाळी सराव असा रविवार सोमवारपेक्षाही थकवतो. ज्यांना २४ तास झेपत नाहीत त्यांनी सहा तासांपासून सुरू करावे, पण घड्याळ लावून आणि दर आठवड्याला त्याच वेळी. ‘जमेल तेव्हा’ ठरवलेला विसावा जमत नाही, कारण काम कधीच आपण होऊन संपत नाही.

ज्यांना रविवारी कामावर जावेच लागते, म्हणजे परिचारिका, चालक, पहारेकरी, त्यांनी दुसरे २४ तास निवडावेत. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवसांबाबत ही मोकळीक स्पष्ट आहे. त्यांचे खरे नुकसान एकटेपणाचे होते, म्हणून आठवड्यातल्या मधल्या वारी संध्याकाळची एक उपासना ठेवणे हे मंडळीचे काम आहे. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर तिथे शुश्रूषा थांबवता येत नाही. अशा घरांसाठी मंडळीतल्या चार-पाच जणांनी पाळी लावून दर रविवारी चार तास जाऊन बसावे. त्या आधी एकदा शनिवारी जाऊन औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात, नाही तर शुश्रूषा करणारी व्यक्ती बाहेर गेली तरी तिचा जीव घरीच अडकतो. धर्मगुरू आणि पाळक यांचा रविवार तर कष्टाचाच असतो. मंदिरातले याजक शब्बाथ मोडूनही निर्दोष असतात, असे येशूने मत्तयाच्या बाराव्या अध्यायात म्हटलेच आहे. पण म्हणून त्यांना विसाव्याची गरज नाही, असे होत नाही. त्यांचा वार मंडळीने ठरवून जाहीर करावा, आणि त्या दिवशी अंत्यविधीखेरीज कशासाठीही त्यांच्या दारात जाऊ नये.

आता पुन्हा मान्नाच्या हिशेबाकडे. शब्बाथाचा विचार शास्त्रात एका दिवसावर थांबत नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आहे आणि ५० व्या वर्षी गमावलेली वतने मूळ घराण्याकडे परत जायची आहेत. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जमाफी आहे, आणि सुटून जाणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळप, खळे आणि द्राक्षकुंड यांतून भरभरून द्यावे, असे लिहिले आहे. विसावा आणि पोट यांची सांगड सगळीकडे आहे.

म्हणून आमची विनंती ख्रिस्ती कुटुंबांना आणि मंडळ्यांना आहे. घरी काम करणाऱ्या बाईला रविवारची सुट्टी देताना त्या दिवसाचा पगार कापू नये, आणि सोमवारी दोन दिवसांची भांडी तिच्यापुढे ठेवू नयेत. रोजंदारीवर माणसे ठेवणाऱ्यांनी सहा दिवसांच्या मजुरीत सातव्या दिवसाची भाकर बसते का, ते कागदावर मांडून पाहावे. बसत नसेल तर तो माणूस सातव्या दिवशी दुसरीकडे मजुरीला जाणारच, आणि त्याला रविवारच्या उपदेशातून दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात एक ओळ निराळी असावी: देऊळ झाडणारे, घंटा वाजवणारे, रात्री पहारा देणारे यांना रविवारच्या बदल्यात कोणता वार सुट्टी आहे, आणि त्या दिवसाचे वेतन किती. ही ओळ पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावी आणि त्या सभेला त्या कामगारांनाही बोलवावे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे काम करणारे काही वाचक